धुतलेले हात

हात धुऊन उभी होते.

ऑपरेशनआधी हात धुवायची एक रीत असते. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, थेट कोपरापर्यंत. घासून घासून कातडी लाल होते. मग दोन्ही हात छातीसमोर वर धरायचे आणि पाणी कोपरावरून गळू द्यायचं. कशाला शिवायचं नाही. हात कमरेखाली गेले की सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. असे हात वर धरून तुम्ही थिएटरात येता. सिस्टर निर्जंतुक टॉवेल देते, मग गाऊन, मग हातमोजे. मग तुम्ही टेबलापाशी जाता. याला आम्ही वॉश घेणं म्हणतो. ज्याला वॉश मिळतो तो सर्जरी शिकतो. बाकीचे लांबून माना उंच करून बघतात.

त्या सकाळी हर्नियाची केस होती. स्टेला सिस्टरनं चिमट्यानं टॉवेल उचलला होता. हातभर अंतरावर होता तो माझ्यापासून. तेवढ्यात सरांनी टेबलावरून मान वळवली आणि सिस्टरला म्हणाले, "वेण्डाम."

म्हणजे नको.

मग माझ्याकडे बघून, मराठीत, अगदी मऊ आवाजात: "तूं जा गे. थकलीस. जा, कॉफी घे जा."

"मी थकले नाही सर."

"जा म्हटलं की."

सिस्टरनं टॉवेल परत ट्रॉलीवर ठेवला. भूल देणारे डॉक्टर एकदम मॉनिटरमध्ये काहीतरी शोधायला लागले. माझ्याच बॅचचा कार्तिक गाऊन घालून टेबलापाशी उभा होता, तो जमिनीकडे बघत होता. कोण काय बोलणार? सर केवढ्या मायेनं बोलले होते! दमलेल्या पोरीला कॉफी प्यायला पाठवलं, यात वाईट ते काय?

माझ्या कोपरावरून पाणी टपटपत होतं. मला सगळं कळलं होतं आणि त्यातलं एक अक्षर मी सिद्ध करू शकत नव्हते.

ही चेन्नईतली गोष्ट. मिस्ड कॉल देऊन निरोप कळवायचे दिवस होते. मी एमबीबीएस संपवून हाउस सर्जन झाले होते. म्हणजे वर्षभर एकेका विभागात राबायचं आणि तेवढ्यात ठरवायचं की जन्मभर कसला डॉक्टर व्हायचं. हाडांचा, मुलांचा, कातडीचा, डोळ्यांचा. मला पोट उघडायचं होतं. सर्जन व्हायचं होतं. दुसरं काहीसुद्धा नाही.

बाबा चेन्नईजवळच्या आवडी गावात संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. नागपूरकडची बदली मिळत होती तर नाही म्हणाले. आई चिडली, माहेर जवळ आलं असतं तिचं. बाबा म्हणाले, "इथं कोनी आडनाव विचारत नाही. माह्या पोरीले इथंच शिकू दे."

खरंच होतं ते. तमिळनाडूत आडनाव नसतंच. बापाच्या नावाचं एक अक्षर, पुढं तुमचं नाव, संपलं. शाळेत, कॉलेजात, दवाखान्यात माझं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. आमचा जातीचा दाखलाही इथं चालत नव्हता, परराज्यातला म्हणून. मी खुल्यातून आले. फायदा नाही मिळाला, पण निदान कुणी बोट तरी दाखवणार नाही, असं बाबांना वाटायचं.

मी मात्र जन्माची संशयी. कुणी गोड बोललं की आधी मागं वळून बघते, नक्की कुणाला बोलतोय म्हणून. आणि मराठीत गोड बोललं तर जास्तच. कारण मराठी माणसाचे दोन प्रश्न मला पाठ आहेत. एग्मोर स्टेशनवर भेटो की बँकेच्या रांगेत. पहिला, "अय्या, तुम्ही मराठी?" दुसरा, "आडनाव काय?" पहिल्याला मी हसते. दुसऱ्याला माझी गाडी सुटत असते.

सरांनी तो दुसरा प्रश्न विचारलाच नाही. तिथंच मी फसले.

सर आमच्या सर्जरी युनिटचे चीफ. तंजावूरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. घरात जुनंपुराणं मराठी बोलायचे, त्यात तमिळ हेल, वाक्याच्या शेवटी तमिळ उचल. मला पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. वॉर्डात एक जवानाची बायको होती, साताऱ्याकडची, पोट धरून कळवळत होती. तमिळ येत नव्हतं बिचारीला. मी तिच्या कॉटवर बसून विचारत होते, "ताई, जेवल्यावर दुखतं का? पाठीत कळ जाते का?" सर राउंडवर आले आणि जागच्या जागी थांबले.

"अय्यो! तूं आम्चीच की गे पोरी!"

आमचीच. सरांच्या घरात, नात्यात, ओळखीत मराठी बोलणारा म्हणजे एकाच जातीचा माणूस. महाराष्ट्रात आणखी कोण कोण राहतं आणि तेही मराठीच बोलतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नसावं. मराठी बोलते, डॉक्टर आहे, म्हणजे आपल्यातली. झालं. पुण्याच्या माणसानं असली चूक जन्मात केली नसती. त्यानं पहिल्या मिनिटाला आडनाव काढून घेतलं असतं.

मी सांगितलं नाही. का सांगू? मला कुणी विचारलं होतं? बाकीच्या पोरांनी आपल्या जाती सांगून वॉश घेतला होता का?

त्या दिवसापासून मला वॉश मिळायला लागला. आधी नुसतं जखमेची कड ओढून धरायचं काम. मग टाके. मग एकदा अपेंडिक्सच्या केसला सरांनी चाकू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काप गे. मी आहे." काय सांगू तुम्हाला! कातडी उघडली आणि मास्कच्या आत मला रडू आलं. आवडीच्या क्वार्टर्समधली मी, माझ्या हातात माणसाचं पोट, आणि हात जराही हलत नव्हता.

"बायकांचे हात बारीक," सर म्हणायचे. "आत फिरतात. सर्जरीला बरे. तूं सर्जरीच घे. माझ्याकडे ये. मी शिकवतो."

ते शिकवायचेही फार चांगलं, खोटं कशाला बोलू. एक गोष्ट तर त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवली होती. पोट दुखतंय म्हणून कुणी आलं की आधी वाईटातल्या वाईटाचा संशय घ्यायचा. गॅस असेल, अपचन असेल, असं म्हणायचंच नाही. "संशय खोटा निघाला तर पेशंटची माफी मागता येते गे," सर म्हणायचे. "संशयच घेतला नाही, तर मग कुणाची माफी मागशील?"

मला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा आपला स्वभाव कुणाच्या तरी कामाला आला.

मग नवरात्र आलं. सरांच्या घरी गोलू. म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, बायकांना बोलावतात, सुंडल म्हणजे कोरडी उसळ देतात, हळदीकुंकू देतात, पानसुपारी देतात. सरांच्या बायकोला सगळे मामी म्हणायचे. मामींनी मला आधीही जेवायला घातलं होतं, थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवून. त्या दिवशी घरात जास्तच गडबड होती. मुलीचं लग्न पुण्यात ठरलं होतं आणि होणाऱ्या विहीणबाई खास गोलू बघायला आल्या होत्या.

गोलूपुढं आलेल्या बाईनं गाणं म्हणायचं अशी पद्धत असते. सगळ्या म्हणत होत्या. माझी पाळी आली तशा मामी म्हणाल्या, "मराठी म्हण गे. पुण्याचे पाहुणे आहेत, त्यांना ऐकू दे."

माझी पंचाईत. मी चेन्नईत वाढलेली. मराठी शाळा नाही, मराठी पुस्तकं नाहीत. मला मराठी गाणी येतात ती आईची. आई जयंतीला क्वार्टर्समध्ये बायकांना जमवून पाळणा म्हणते, तो मला झोपेत उठवलं तरी येतो. आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीवर एक फोटो आहे, निळ्या कोटातला. त्या फोटोतल्या माणसाच्या जन्माचा तो पाळणा. चाल फार गोड आहे. मी डोळे मिटले आणि म्हटला. सगळी कडवी म्हटली.

मामींना शब्द कळले नाहीत. त्यांचं मराठी वेगळं, गाण्यातलं वेगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती गोड गे! आणखी एकदा म्हण!"

विहीणबाईंना कळले. त्या सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. हसत हसत म्हणाल्या, "छान म्हणतेस हं. कुठलं म्हणायचं हे?"

"आई म्हणते."

"हो का? आणि आडनाव काय तुझं?"

आलाच बघा. अकराशे किलोमीटर लांब येऊन आलाच. सुटायला गाडी नव्हती तिथं. मी आडनाव सांगितलं. खणखणीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "अच्छा." बस, एवढंच. मग सुंडलाची वाटी खाली ठेवली आणि मामींना म्हणाल्या, "जरा आत येता का?"

त्या आत गेल्या. मी बाहुल्या बघत बसले. बऱ्याच वेळानं मामी बाहेर आल्या. बायका निघायला लागल्या तशी कुंकवाची कोयरी घेऊन प्रत्येकीच्या कपाळाला त्यांनी बोट लावलं. माझ्याजवळ आल्या आणि कोयरी माझ्यापुढं धरली. "घे गे, लाव." मी माझ्या हातानं लावलं. पानसुपारीची पिशवी बाकीच्यांना हातात मिळाली. माझी दाराजवळच्या स्टुलावर होती. "ती तुझी, घेऊन जा."

आता सांगा. यात काय आहे? गर्दी होती. बाई दमली होती. पिशवी स्टुलावर ठेवली म्हणून कुणी पोलिसात जातं का? मी बसमध्ये बसून स्वतःलाच समजावत होते. पिशवी मांडीवर होती आणि माझे कान तापले होते. आवडी येईपर्यंत मी त्यातलं पान चुरगाळून चुरगाळून पार चोथा केला.

घरी सांगितलं. बाबा कपाळाला हात लावून बसले. "काहून गेली त्यांच्या घरी गाने म्हनायले? इतके वर्स संभाळलं मी." मग लगेच, "जाऊ दे. जास्त इचार नको करू. सगळे मानसं तसे नसतात."

आई भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "मधी कुठं चुकली तं नाही ना?"

"नाही आई. सगळा म्हटला."

"मंग झालं."

त्यानंतरची पहिली केस म्हणजे तो हर्निया. "तूं जा गे. थकलीस."

मी गेले नाही.

कॉफी प्यायलाही नाही आणि हात पुसायलाही नाही. तीन पावलं मागं सरकले, भिंतीपासून जरा अंतर ठेवून उभी राहिले. हात तसेच वर. बोटं वर, कोपरं खाली. धुतलेले हात खाली घ्यायचे नाहीत, हे त्यांनीच शिकवलेलं. मी कशाला शिवत नव्हते, नियम मोडत नव्हते, कुणाच्या वाटेत नव्हते. मला हाकलायला त्यांना कारण सांगावं लागलं असतं. आणि खरं कारण त्यांना सांगता येणार नव्हतं.

सरांनी कातडी कापली. कार्तिक कड ओढून धरत होता, नीट जमत नव्हतं त्याला, सर दोनदा ओरडले. मग मान न वळवता म्हणाले, "अजून इथेच की?"

"हो सर."

पाणी वाळलं. हात जड व्हायला लागले. आधी खांदे, मग पाठ, मग बोटांना मुंग्या. तुम्ही धरून बघा हात असे पूर्ण ऑपरेशनभर. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग जास्त होता म्हणून रडू थांबलं. सरांचं लक्ष सारखं माझ्याकडे जात होतं. जाऊ दे. मी त्यांना बघतच होते, ते मला बघत होते, आणि थिएटरातला प्रत्येक माणूस आम्हा दोघांना बघत होता.

शेवटचा टाका पडला तेव्हा मी हात खाली घेतले.

बाहेर स्टेला सिस्टर भेटली. तमिळमध्ये म्हणाली, "हे काय गं? उद्याही येणार आहेस?"

"येणार."

"उद्याही नको म्हणतील ते."

"मग उद्याही उभी राहीन."

सिस्टरनं मान हलवली आणि निघून गेली. तिनं मला गाऊन दिला नाही. तिची नोकरी होती. मी तिला दोष देत नाही, पण तिचे आभारही मानत नाही.

त्या विभागातले माझे उरलेले दिवस असेच गेले. थिएटरचा दिवस आला की मी हात धुवायचे, सर नको म्हणायचे, मी उभी राहायचे. रोज नवं कारण. आज फार गर्दी आहे. आज केस अवघड आहे. आज केस फार सोपी आहे, तुला काय शिकायचंय त्यात. माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही त्यांनी. मारलं असतं, शिवी दिली असती, तर मी जाऊन तक्रार केली असती. मायेची तक्रार कुठं करायची?

मग एक दिवस त्यांनी मला खोलीत बोलावलं. कॉफी मागवली. पूर्वी आम्हा दोघांना स्टीलच्या पेल्यात यायची, खाली वाटी ठेवून. त्या दिवशी त्यांना स्टीलचा पेला आला आणि मला कागदी कप. हाही पुरावा नव्हे. दुसरा पेला धुवायला गेला असेल. असे किती पेले धुवायला गेलेले असतात आमच्या नशिबात!

"पुढं काय घेणार गे?" सर म्हणाले.

"सर्जरी."

"सर्जरी बायकांचं काम नव्हे. रात्रंदिवस उभं राहावं लागतं. लग्न होईल, मुलं होतील. भूलशास्त्र घे. थिएटरातच राहशील की. मी ओळखीच्या लोकांशी बोलतो."

हात तेच होते. चार महिन्यांपूर्वी हेच हात बारीक होते, आत फिरत होते. आणि उभं राहण्याचं मला सांगत होते! मला!

त्यावेळी माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. इतके दिवस मी एकच चूक करत होते. प्रत्येक गोष्टीला गॅस असेल, अपचन असेल म्हणत होते. गर्दी होती. दमल्या असतील. पेला धुवायला गेला असेल. आणि ह्याच माणसानं मला शिकवलं होतं की असं म्हणणारा डॉक्टर पेशंट मारतो.

"सर," मी म्हणाले, "त्या गाण्यानंतर काय झालं?"

"कुठलं गाणं?"

सहज म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही. एवढी सफाई त्यांच्या टाक्यांतसुद्धा नव्हती.

"माझा संशय खोटा असेल तर मी तुमची माफी मागेन," मी म्हणाले. "खोटा आहे का?"

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. खिडकीबाहेर बघितलं. "तूं फार विचार करतीस गे," म्हणाले.

मी उठले. कागदी कप टेबलावर भरलेला तसाच होता.

त्यानंतर जो तो मला सल्ला द्यायला लागला. मी अभ्यास करत होते, आणि प्रत्येक सल्ल्याकडे त्वचेवरच्या नव्या चट्ट्याकडे बघावं तसं बघत होते. कार्तिक म्हणाला, स्किन घे, रात्रीची ड्यूटी नाही. मी मनात म्हटलं, तू का नाही घेत? ओळखीच्या एक मॅडम म्हणाल्या, समाजासाठी काम कर, खेड्यांच्या आरोग्याचं शास्त्र घे, तुमच्यासारख्यांची तिथं गरज आहे. तुमच्यासारख्यांची! त्यांना कुणी सांगितलं होतं? बाबा म्हणाले, "भूल तं भूल. डॉक्टर तं होशीलच. भांडू नको, माय." बाबांवर मी संशय घेतला नाही. पण ऐकलंही नाही.

पीजीची, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची, परीक्षा झाली. नंबर चांगला लागला. जागा निवडायच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर उरलेल्या जागा दिसत होत्या, आणि नंबराप्रमाणे एकेकाला पुढं बोलावत होते. माझं नाव आलं. एक अक्षर आणि नाव. भूलशास्त्राच्या जागा होत्या. स्किनची एक होती. सर्जरीच्या चार, त्यातली एक आमच्याच कॉलेजात.

समोरच्या अधिकाऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. "सर्जरी? नक्की ना, अम्मा? स्किन आहे अजून."

"नक्की."

"कॉलेज?"

मी आमचंच सांगितलं. दुसरीकडे जाता आलं असतं मला. मदुराईला होती, कोइम्बतूरला होती. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. पुन्हा नवी सुरुवात, पुन्हा एक अक्षर, पुन्हा कुणी गाणं म्हण म्हणेपर्यंत. नको मला ते. बाबांनी एकदा गाव सोडलं, पुरे झालं. रुजू झाले त्या दिवशी विभागप्रमुखांनी विचारलं, कुठलं युनिट हवं. मी सरांचं मागितलं. आणि हजेरीपटावर नाव सांगताना पूर्ण सांगितलं, आडनावासकट. कारकून म्हणाला, इथं आडनाव लागत नाही. मी म्हणाले, लिहा.

मला ठाऊक आहे काय होऊ शकतं. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली. परीक्षा तेच घेणार. नापास करू शकतात, मऊ आवाजात. केलं तर पुन्हा बसेन. पुन्हा केलं तर पुन्हा.

पहिल्या सकाळी हात धुतले. नखं, बेचक्या, मनगट, कोपर. हात वर धरून पाठीनं दार ढकललं. टेबलावर पेशंट होता. स्टेला सिस्टर ट्रॉलीपाशी होती. सरांनी मान वळवली.

"तूं? इकडे कशाला गे?"

मराठीत. मऊ. आमचीच असल्यासारखं.

मराठी माझ्या आईची आहे. ती तिथं काढायची मला गरज नव्हती. मी तमिळमध्ये म्हणाले, "सर, मी या युनिटची पीजी आहे. ही केस मला दिलीय."

 सिस्टर सरांकडे बघत राहिली, ते वेण्डाम म्हणतात का, याची वाट बघत.

मी वाट बघितली नाही. ट्रॉलीपर्यंत चालत गेले आणि हात पुढे केले.

"सिस्टर, टॉवेल."